पाठीला हात पोचत नाही तिथे

पर्वरीला भाचीकडे गेले होते. जेवणं झालेली, बाळ झोपलेलं, आणि गॅलरीत त्याचा आंघोळीचा टब पालथा वाळत घातलेला. शेजारी कठड्यावर प्लास्टिकचं एक पिवळं बदक. उचलून पाहिलं तर पोटावर आकडे.

"थर्मामीटर आहे तो, मावशी. ३७ दिसलं की बाळाला आत घ्यायचं. जास्त झालं तर तांबडा दिवा लागतो."

तिचं काही चुकत नाही. तान्ह्याला अंगाइतकंच ऊन पाणी हवं, ३७-३८ अंश. पाच-दहा मिनिटांत आवरायचं, कारण त्या एवढ्याशा अंगातली ऊब भराभर निघून जाते. नाळ पडेपर्यंत नुसतं ओल्या फडक्यानं पुसायचं. जन्मानंतरची पहिली आंघोळसुद्धा निदान २४ तास थांबवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्याकडे गोव्यातल्या सावईवेऱ्याला, माझ्या माहेरच्या गावी, कुठे बाळ व्हायचं असलं की आधी न्हाणीतल्या चुलीला जाळ लागायचा, मग बाकीचं सगळं.

त्या न्हाणीबद्दल मी कितीही वेळ बोलू शकते. मागीलदारी, काळोखी, भिंतींना पिढ्यांची काजळी. मातीच्या चुलीत बसवलेलं तांब्याचं भाण, बाहेरून कोळशासारखं काळं आणि आतून चिंचेनं घासून लखलखीत. जळण म्हणजे कुळागरात, आमच्या पोफळी-माडांच्या बागेत, पडेल ते: नारळाची सोडणं, माडाची सुकी चुडतं, करवंट्या. पाण्याला धुराचा वास यायचा आणि तो वास दिवसभर केसांत राहायचा. शाळेत कुणाच्या घरी गिझर आला आहे ते वेणीच्या वासावरून कळे. सांडपाणी पाटातून थेट केळींना आणि तेऱ्याला, म्हणजे रानअळवाला. साबण लावून लावून वाढलेल्या त्या तेऱ्याचं तोणाक, म्हणजे घट्ट रस्सा, आम्ही मिटक्या मारत खायचो, हे आता कुणाला सांगायची सोय नाही.

बाळाला न्हाऊ घालायला येणारी बाई पाटावर बसून दोन्ही पाय लांब सोडायची. पोटऱ्यांवर बाळ पालथं. तिचा थर्मामीटर म्हणजे कोपर. तांब्याभर भाणातलं पाणी, मग विसण, मग कोपर, पुन्हा थोडं विसण. आम्ही पोरं दारात दाटीवाटीनं उभी, कारण बघण्यासारखं असे. आधी खोबरेल तेल चोळून ती बाळाचे हात-पाय छातीवर असे काही दुमडायची की आम्हालाच धस्स व्हावं. बाळ आधी किंचाळे, मग हुंदके देई, आणि पाठीवर पाणी पडायला लागलं की एकदम गप्प होई. डोळे अर्धे मिटलेले, तोंड उघडं, खालच्या ओठावर लाळ. शेवटचा तांब्या ओवाळून टाकायचा, अंग टिपायचं आणि ओव्या-वेखंडाची धुरी. धुरी नको, छातीला बाधते, असं डॉक्टर म्हणतात आणि ते मला पटतं. पण त्यानंतर बाळ जे झोपे, ते घरात नारळ फोडले तरी उठत नसे.

का झोपे, तेही आता कळलेलं आहे. ऊन पाण्यानं कातडीखालच्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, हातापायांतून ऊब बाहेर पडते, आतलं अंग थोडं निवतं, आणि अंग निवलं की झोप येते. मोठ्यांचंही तेच. टेक्सासच्या विद्यापीठातल्या लोकांनी २०१९ मध्ये बरेचसे जुने प्रयोग एकत्र करून पाहिले. निजायच्या एक-दोन तास आधी ४० ते ४२.५ अंशांच्या पाण्यात न्हायलं, अगदी दहा मिनिटं का होईना, तर झोप सरासरी दहाएक मिनिटं लवकर लागते म्हणे. यासाठी टब लागत नाही. तशी मी एकदा पणजीच्या एका हॉटेलात टबात उतरले होते. दीडशे-दोनशे लिटर पाणी एकटीसाठी सोडून त्यात पडून राहायचं, आणि पडल्या पडल्या हिशेब करायचा की एवढ्यात आमच्या घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी होऊन कपडेही निघाले असते. अशानं कुणाला बरं वाटेल? भाचीनं मला एप्सम सॉल्टचा पुडाही दिला आहे. मॅग्नेशियम सल्फेट. ते कातडीतून अंगात जातं याला काही भक्कम आधार नाही, पण ऊन पाणी आपलं काम करतंच. मी ते बालदीत टाकून संध्याकाळी पाय बुडवून बसते. नुसतं जाडं मीठ टाकलं तरी तेवढंच बरं वाटतं, हे भाचीला सांगितलेलं नाही.

मीठ म्हटलं की आजीचे गुडघे. मे महिन्यात तिला खाऱ्या पाण्यात बसवायला कळंगुटला नेत. सांध्यांना समुद्र चांगला, हे गोव्यात सगळेच धरून चालतात. आमच्या ओळखीची ख्रिश्चन कुटुंबं तर मुदांस, म्हणजे उन्हाळी हवापालट, करायला भांडीकुंडी, गाद्या घेऊन किनाऱ्यावर बिऱ्हाडच करायची. आम्ही दिवसभरापुरते. आजी नऊवारीचा काष्टा घट्ट करून ओल्या वाळूत बसकण मारायची आणि लाट कमरेपर्यंत आली की "आयलें गो, आयलें" असं ओरडायची. एरवी घरात ती आवाज चढवत नसे. जरा पलीकडे गोरे लोक उन्हात पडलेले. ते तिच्याकडे बघत, ती त्यांच्याकडे. परतताना केसरवालच्या झरीवर थांबायचा आमचा हट्ट असे, तो कधीच पुरवला गेला नाही, वाट वाकडी होते म्हणून. नकाशा पाहिला तर वाट खरंच वाकडी होते.

शॉवर मात्र मला आवडत नाही. पाणी कुणीतरी घालतंय असं वाटायला हवं, आणि शॉवर म्हणजे पाऊस. तो सगळ्यांवरच पडतो. तांब्याचं तसं नाही. तांब्या भरतो, थांबतो, मग ओतला जातो, आणि त्या मधल्या क्षणात पाठ वाट बघत असते. आपणच आपल्यावर ओतला तर ती गंमत निम्मी उरते. म्हणूनच सुगंधी तेलं, मेणबत्त्या, मंद संगीत असला सरंजाम लागत असेल.

मोठ्यांना न्हाऊ घालायचा आमच्याकडे वर्षातून एकच दिवस. चवदशीला पहाटे गावातल्या पोरांनी नरकासुर जाळला की आई सगळ्यांना उठवायची. आधी तेल, मग उटणं, मग भाणातलं कढत पाणी. त्यानंतर तुळशीपुढे अंगठ्यानं कारीट फोडून त्याचा कडू थेंब जिभेला, आणि आत पोह्यांची रांग: दुधातले, ताकातले, गुळातले, फोडणीचे. पण माझ्या लक्षात राहिले ते बाबा. एरवी पंचा लावून न्हाणीत शिरले की दार आतून लावणारे बाबा त्या दिवशी पाटावर मुकाट बसायचे आणि आई त्यांच्या पाठीला तेल चोळायची. दोघंही काही बोलत नसत. आम्ही आसपास असताना एकमेकांना हात लावलेला मी त्यांना एवढाच पाहिला.

पाठीचा तो मधला भाग, खांद्याच्या दोन हाडांमधला, तिथे आपला हात वरूनही पोचत नाही आणि खालूनही नाही. बाबा गेल्यानंतरच्या वर्षी आईकडे गेले तेव्हा बाथरूममध्ये खिळ्याला एक लांब दांड्याचा ब्रश टांगलेला दिसला. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून स्वतः जाऊन आणला होता. सावईवेऱ्याहून म्हापसा म्हणजे दोन बसी. मी काही विचारलं नाही, तिनं काही सांगितलं नाही.

आता सुट्टीच्या दिवशी जाते आणि तिची पाठ मीच घासते. तो ब्रश काही कामाचा नाही, केस गळतात त्याचे, असं तिचं म्हणणं. दुसरा आणू का विचारलं, तर नको म्हणते.