रंग बदलला नाही

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा शाळेतून फोन आला तेव्हा मी एका पंचनाम्याच्या प्रती तपासत होते. शाळेचं नाव कानावर पडलं आणि कागद बाजूला ठेवले. लिहायला बसले तर डोळ्यांपुढे एकच माणूस आला : आमचे विज्ञानाचे सर. बाकीच्या गुरुजनांनी रागावू नये, त्यांचंही माझ्यावर ऋण आहेच.

नववीतली गोष्ट. प्रयोगशाळा तेव्हा विहिरीच्या अंगाला होती. चुन्याच्या निवळीत फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकायचे, गुलाबी रंग येतो तो पाहायचा आणि वहीत कृती, निरीक्षण, अनुमान लिहायचं. माझ्या परीक्षानळीत रंग काही आला नाही. शेजारणीच्या वहीत पाहून मी 'गुलाबी रंग आला' असं लिहून टाकलं. सरांनी ते वाचलं, माझी नळी उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

"तुला दिसतोय गुलाबी?"

मी मान खाली घातली. सर रागावले नाहीत. म्हणाले, "पुस्तकात काय येतं ते मला माहीत आहे गं. तुला काय दिसलं, ते लिही."

मी खोडून लिहिलं : रंग बदलला नाही. मग सरांनी माझ्या टेबलावरची बाटली तपासली. तिच्यात निवळी नव्हतीच, कुणीतरी साधं पाणी भरून ठेवलं होतं. माझ्या ओळीखाली त्यांनी लाल शाईने लिहिलं, 'निरीक्षण बरोबर. चूक बाटलीची,' आणि सही केली.

बी.एस्सी.नंतर स्टाफ सिलेक्शन कमिशनची परीक्षा देऊन मी सीबीआयमध्ये उपनिरीक्षक झाले. प्रशिक्षण गाझियाबादच्या अकादमीत. तिथे लाचेच्या सापळ्याचं प्रात्यक्षिक होतं. नोटांचे नंबर उतरवून घेतले, त्यांवर पांढरी पूड लावली. नोटा हाताळलेली बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली आणि पाणी झर्रकन गुलाबी झालं. पूड फिनॉल्फ्थॅलिनची! मला एकदम विहिरीकडची ती खिडकी दिसली. त्याच महिन्यात सर गेल्याचं कळलं. मला येता आलं नाही, ते अजून सलतं.

आमच्या कामात नावं सांगायची नसतात, म्हणून एवढंच सांगते. एका सापळ्यात तक्रारदाराने पैसे दिल्याची खूण केली, आम्ही आत शिरलो. पंचांसमोर त्या माणसाचे दोन्ही हात वेगवेगळ्या भांड्यांत धुतले. दोन्हींकडे पाणी जसंच्या तसं. खोलीत सगळे गप्प. मी पंचनाम्यात लिहिलं : रंग बदलला नाही. मग कळलं, त्याने नोटांना हात लावलाच नव्हता, टेबलाच्या खणात ठेवायला सांगितल्या होत्या. खण पुसलेला फडका पाण्यात टाकला आणि गुलाबी रंग आला. तिन्ही पाणी बाटल्यांत भरलं, सीलवर पंचांच्या सह्या घेतल्या. नुसत्या रंगावर कुणी दोषी ठरत नाही, पैशांची मागणीही सिद्ध करावी लागते. तो संवाद रेकॉर्ड झाला होता. पुढे उलटतपासणीत वकिलांनी आवाज चढवून विचारलं, "हाताच्या धुण्याला रंग आला नाही, हे खरं ना?" मी म्हटलं, "हो. मीच लिहिलंय तसं." त्यावर त्यांना पुढे विचारण्यासारखं फारसं उरलं नाही.

गावी आले की बायका विचारतात, खाकी का नाही घालत? आम्ही साध्या कपड्यांतच असतो. रात्री-अपरात्री निघावं लागतं, तारखांसाठी वर्षानुवर्षं कोर्टात उभं राहावं लागतं. पण पेन्शनचा कागद पुढे सरकवायला ज्याच्याकडे पैसे मागितले होते, असा एखादा म्हातारा निकालाच्या दिवशी नुसता हात जोडतो, तेव्हा मला दुसरी कुठलीच नोकरी नको वाटते. शाळेतल्या मुलींनो, कुठल्याही शाखेची पदवी चालते. या.

मागच्या वर्षी शाळेत आले होते. प्रयोगशाळेला कुलूप होतं, प्रयोग आता पडद्यावर दाखवतात म्हणे. पडद्यावर रंग दर वेळी येतो. मला फार वाईट वाटलं. महोत्सवाच्या दिवशी तेवढं कुलूप उघडून ठेवा, ही हात जोडून विनंती. काचेचं सामान आणि रसायनं माझ्याकडून. सरांची लाल सही असलेली प्रयोगवहीही घेऊन येते.