अडतीस पोरं आणि एक हार्नेस

सातपुड्यातल्या तोरणमाळच्या उन्हाळी शिबिराला मुलांना पाठवू का, असं विचारणाऱ्यांना मी आता एवढंच सांगते: फी नंतर विचारा, आधी लहान मापाचे हार्नेस (दोरावरून उतरताना कमरेला आणि मांड्यांना बांधायचे पट्टे) किती आहेत ते विचारा.

मे महिन्यात जळगावात दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. त्या मानाने ११५० मीटरच्या आसपास असलेलं तोरणमाळ म्हणजे सुखच. लेक सहावीत, घर सोडून कधी राहिलेली नाही, म्हणून मी मदतनीस पालक म्हणून सोबत गेले. चोपडा, शिरपूर, शहादा करत बस सात पायरीच्या घाटात शिरली आणि दोन पोरं ओकली. ओकायची पिशवी हातात ठेवायची असते, सामानात खाली नाही.

दुसऱ्या दिवशीचा तक्ता भिंतीवर होता. साडेपाचला शिट्टी, यशवंत तलावाच्या काठाने फेरी, व्यायाम, पोहे, सीताखाई. सगळं वेळेत. (सीताखाईचा धबधबा मेमध्ये कोरडा असतो हे पोरांना निघण्यापूर्वीच सांगा. मला ‘काकू, पाणी कुठंय?’ वीस वेळा ऐकावं लागलं.) मग तक्त्यात लिहिलं होतं: १० ते १२.३०, रॅपलिंग, म्हणजे दोराने कडा उतरणं.

कडा ३० फुटांचा. दोर बांधलेले, हेल्मेटं ढीगभर. हार्नेस मात्र दोनच, आणि त्यातला एक मोठ्या माणसाचा. तो आमच्या पोरांच्या कमरेवरून सरळ खाली घसरत होता. म्हणजे खरा हार्नेस एक. मुलं ३८.

प्रशिक्षक पोरगा चांगला होता, हे आधीच सांगते. प्रत्येक पट्टा स्वतः ओढून बघायचा, कॅराबिनरचं, म्हणजे दोर अडकवायच्या कडीचं, लॉक फिरवलं की नाही ते बोटाने तपासायचा, दुसरा दोर धरणाऱ्याला हाक मारून ‘तयार?’ विचारायचा. त्यात त्याने कधीच घाई केली नाही. घोळ पुढे होता. मूल खाली पोचलं की तिथे हार्नेस सोडायचा, तो खांद्यावर टाकून खालचा मदतनीस पायवाटेने वळसा घालून वर यायचा, दम खायचा, मग पुढच्या मुलाला बांधायचं. मी घड्याळ लावलं. अकरा वाजले तेव्हा सहा मुलं झाली होती. एकेकाला दहा मिनिटं. ३८ गुणिले १०, म्हणजे सहा तास वीस मिनिटं. हा गुणाकार तक्ता लिहिणाऱ्याला करता आला नव्हता?

सावली एकाच झाडाची, तीही सरकणारी. तोरणमाळ थंड असलं तरी बाराचं ऊन ते ऊनच, आणि कातळ खालून भाजतो. मुलांच्या बाटल्या रिकाम्या. आयोजकांना फोन केला तर म्हणे, ‘मॅडम, सगळ्यांना चान्स मिळेल.’ मिळेल, पण कधी? स्वयंपाकाच्या मावशी, धुळ्याकडच्या, जेवणाचं विचारायला वर आल्या आणि रांग बघून कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, ‘पोरेस्ले आधी खाऊ द्या ना!’

शेवटी मीच त्या प्रशिक्षक पोराजवळ गेले. म्हटलं, दादा, माणूस कशाला चढवतोस? हार्नेस मोकळ्या दोराला बांध, आपण वरून ओढून घेऊ. आधी ‘सेफ्टी आहे, मॅडम’ म्हणाला. मी म्हटलं, हार्नेसला कसली सेफ्टी, तो काय पडून रडणार आहे? तेव्हा हसला. वर आलेला हार्नेस तो तसाच तपासून बांधायचा, पण वेळ निम्म्यावर आला. अर्ध्या मुलांना मावशींबरोबर जेवायला पाठवलं. विहिरीवरची अक्कल तीस वर्षांनी कामी आली, हे नवऱ्याला फोनवर मुद्दाम सांगितलं.

माझ्या लेकीचा नंबर ३१ वा. काठावर गुडघे लटपटले, माझ्याकडे बघितलं आणि गेली. खाली पोचायला एक मिनिटही लागलं नाही. त्यासाठी साडेतीन तास रांगेत. शेवटचा मुलगा उतरला तेव्हा दोन वाजून गेले होते. दुपारची वारली चित्रं रद्द. रात्री शेकोटी झाली म्हणे, माझा डोळा लागला होता.

टॉर्च, ओआरएसची पाकिटं, दोन बाटल्या द्या. बूट जुनेच द्या, नव्याने टाचा सोलतात. मुलाच्या कमरेचं माप फॉर्मवर खरं लिहा, हार्नेस त्यावर ठरतो.

आणि मुलींच्या केसांचं राहिलंच. उतरताना दोर ज्या कडीतून सरकतो तिच्यात मोकळे केस अडकतात, म्हणून घट्ट वेणी घालून ती टीशर्टच्या आत खोचा. रांगेतल्या पाच जणींच्या वेण्या मी कातळावर बसून घातल्या. वेळ होताच.