गेरीच्या राक्षसाची प्रदक्षिणा

"गेरी. गोटमधला ग," कुत्र्याला फिरवायला निघालेल्या त्या आजीबाई थांबून मला म्हणाल्या. मी भाचीला मोठ्यांदा "हे बघ, जेरीचं घर" असं दाखवत होते, ते त्यांनी ऐकलं होतं. इतकी वर्षं आमच्या आडनावातल्या 'ळ'चं लोकांनी भरीत केलं आणि मी चिडत आले. आज पहिल्यांदाच मी पलीकडच्या बाजूला होते. सॉरी म्हटलं. कुत्र्यालासुद्धा म्हटलं.

गाव मार्बलहेड, मॅसॅच्युसेट्समधलं, समुद्राकाठचं. बॉस्टनचे चार दिवस जसे सगळ्यांचे जातात तसे गेले, त्यावर काही लिहीत नाही. पाचव्या दिवशी मात्र मी हट्ट धरला. मी शाळामास्तरीण. नोकरीत सहा वेळा निवडणूक ड्यूटी केलेली, दोनदा केंद्राध्यक्ष. ज्या मतदारसंघामुळे 'जेरीमँडर' (आपल्या पक्षाच्या सोयीनं मतदारसंघांच्या सीमा कापणं) हा शब्द जगाला मिळाला तो इथून जवळच आहे, असं भाचीकडे कळल्यावर मी गप्प बसणं शक्य नव्हतं. आमचे हे म्हणाले, "मतदारसंघ बघायला कोण जातं? तिथं काय दिसणार?" प्रश्न रास्त होता.

गोष्ट १८१२ ची. एल्ब्रिज गेरी हा मार्बलहेडचा माणूस. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्याची सही आहे. १७८७ च्या राज्यघटनेवर मात्र त्यानं सही केली नाही. तिथं बसूनही न करणारे तिघे होते, त्यातला हा एक. असा ताठ मनुष्य मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर असताना त्याच्या पक्षानं राज्याच्या सिनेटचे मतदारसंघ नव्यानं आखले, आणि ११ फेब्रुवारीला त्यानं त्या कायद्यावर सही केली. मनाविरुद्ध केली, असं त्याच्या जावयानं पुढे लिहून ठेवलंय. जावई ते लिहिणारच म्हणा. एसेक्स काउंटीचा एक तुकडा असा काही कापला होता की तो पश्चिमेच्या आणि उत्तरेच्या कडेनं नुसता सरपटत जात होता. २६ मार्चला 'बॉस्टन गॅझेट'नं त्या नकाशाला पंख, नख्या आणि जबडा काढून त्याचा राक्षस करून छापलं. सॅलमँडर म्हणजे पालीसारखा एक प्राणी. गेरीचा सॅलमँडर, म्हणून 'गेरीमँडर'. पुढे लोकांनी त्याचाही ज केला. बिचाऱ्याचं नाव गेलं ते गेलं, वर उच्चारही गेला.

गेरीच्या घरात आता कुणी तरी राहतं, त्यामुळे ते रस्त्यावरूनच बघायचं. मला जास्त आवडलं ते त्याच वॉशिंग्टन स्ट्रीटवरचं जुनं टाउन हाउस. १७२७ चं, चौकात मधोमध उभं. गावसभा इथं भरायच्या, आणि तेव्हा गावसभा हेच मतदान केंद्र. एकवीस वर्षं पूर्ण झालेला पुरुष, आणि साठ पौंडांची मालमत्ता किंवा वर्षाला तीन पौंड उत्पन्नाची जमीन, तरच मत. मी तिथं पायरीजवळ उभी राहून यांना समजावत होते. गव्हर्नरची निवडणूक दर वर्षी. गावचे निवडलेले पंच सभेसमोर मतं घ्यायचे, सगळ्यांदेखत वेगळी करून मोजायचे, कारकून यादी लिहायचा. मग ती यादी सीलबंद करून शेरीफच्या हाती द्यायची.

सीलबंद म्हटल्यावर मला एकदम लाखेचा वास आला. मतपेट्यांच्या काळात रात्री मेणबत्तीवर लाख धरून मी बोटं भाजून घेतली आहेत. एजंटांच्या सह्या, दोऱ्याची गाठ, त्या गाठीवर ठसा, तो पुसट आला की पुन्हा. मतदान केंद्रात एक मत इकडचं तिकडं होऊ नये म्हणून जीव टाकायचा. इथल्या कारकुनानंही १८१२ च्या एप्रिलमध्ये तो टाकला असणार. आणि त्याला काय माहीत नव्हतं का, की खरं काम दोन महिन्यांपूर्वी बॉस्टनमध्ये नकाशावर उरकलंय? आमच्याकडे प्रभागरचना जाहीर होते तेव्हा हरकती घ्यायला कार्यालयात गर्दी कोण करतं, ते मी पाहिलंय. सामान्य माणूस नसतो त्यात.

त्या निवडणुकीचे आकडे मला पाठ आहेत. राज्यभरात गेरीच्या पक्षाला ५०,१६४ मतं, विरोधी फेडरलिस्टांना ५१,७६६. आणि सिनेटच्या ४० जागांपैकी गेरीच्या पक्षाला २९, फेडरलिस्टांना ११. गंमत अशी की गव्हर्नरपदासाठी राज्यभर एकच मतदान, तिथं नकाशा उपयोगाचा नाही. गेरी स्वतः केलेब स्ट्राँगकडून पडला. पुढच्याच वर्षी तो देशाचा उपाध्यक्ष झाला आणि १८१४ मध्ये पदावर असतानाच वारला.

आता राक्षसाच्या, म्हणजे त्या मतदारसंघाच्या, अंगावरून जायचं होतं. भाचीनं मोबाइलवर सॉल्सबरी टाकलं, राक्षसाच्या डोक्याचं गाव. फोन म्हणाला, ९५ नंबरचा हायवे धरा, पाऊण तास. मी म्हटलं, नाही. ११४ नंबरनं चल. "मावशी, तो लॉरेन्सला जातो!" तोच तर पाहिजे. ११४ हा रस्ता मार्बलहेडहून निघून डॅन्व्हर्स, मिडलटन करत वर जातो आणि पुढे ११० नंबर मेथ्युएन, हेवरिल, एम्सबरी करत सॉल्सबरीला टेकतो. राक्षसाचा कणाच जणू. पण फोनला हे कसं पटावं? दर चौकात बाई म्हणत होती, उजवीकडे वळा. आम्ही वळत नव्हतो. ती नवा रस्ता शोधायची आणि पुन्हा ९५ च. सरळ रस्ता होता हो, बॉक्सफर्ड, न्यूबरीपोर्टवरनं. ती गावं दुसऱ्या मतदारसंघात होती, मग मी तरी काय करणार?

पहिला फटका बसला तो चेटकिणींच्या जुन्या खटल्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या सेलमला. ऑक्टोबर महिना, चेटकिणींचा सीझन. टोप्या घातलेल्या पोरींची झुंबड, गाडी एका जागी वीस मिनिटं. पार्किंगवाल्यानं चाळीस डॉलर सांगितले. आम्ही नुसते सुटायला बघत होतो. यांचं पोट बिघडलेलं आणि मागच्या सीटवरून मतदारसंघाबद्दल एक अक्षर निघत नव्हतं. माझ्या हातात छापील व्यंगचित्र, ते मी उलटसुलट करून रस्त्याशी जुळवत होते.

वाटेतलं पीबडी चित्रात नाही, तेव्हा ते डॅन्व्हर्सचाच भाग होतं. लॉरेन्स तर जन्मलंच नव्हतं. हेवरिल लिहितात 'हॅव्हरहिल'सारखं. पेट्रोल भरताना मी उच्चार नीट विचारून घेतला, एका दिवसात दोनदा कोण बोलणी खाणार? लॉरेन्सला मेरिमॅक नदी लागते आणि मग ती बराच वेळ सोबत असते. तेवढा पट्टा खरंच सुंदर. झाडं लाल झालेली. पण मार्बलहेडच्या कोळ्याचा आणि या पट्ट्यातल्या शेतकऱ्याचा एकमेकांशी संबंध काय, हा प्रश्न मला एम्सबरीपर्यंत सुटला नाही.

सॉल्सबरी बीचवर पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. पाऊण तासाचं अंतर आम्ही साडेचार तासांत कापलं होतं. वारा एवढा की पिझ्झ्याचा चौकोनी तुकडा हातात धरवेना. यांनी तो खाल्ला, म्हणजे पोट बरं होतं.

एक गाव मात्र राहिलं, चेल्सी. दुसऱ्या काउंटीतलं ते गाव मुद्दाम ओढून राक्षसाला पंजा म्हणून लावलं होतं. परतीच्या दिवशी विमानतळाला जाताना टॅक्सी त्याच्या वरून गेली. उंच पूल, खाली घरांची छपरं, दोन मिनिटं फार तर. मी काचेला नाक लावलं होतं. हे बॅगा मोजता मोजता म्हणाले, "झाली का तुझी प्रदक्षिणा?"

झाली म्हटलं. मग त्यांनी विचारलं, पासपोर्ट कुठे ठेवलेत.