देवबाग मॉडेल, अपडेट ४ : वाळूनं घोळ घातला

मंडळी, तीन आठवडे काही टाकलं नाही कारण काम पुढं जायच्याऐवजी मागं आलंय. नवीन लोकांसाठी सांगतो, मालवणजवळ तारकर्लीच्या खाली देवबाग आहे, एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी आणि मधी वाळूचा चिंचोळा दांडा, त्याचं मॉडेल मी इथं सांगलीत गच्चीवरच्या खोलीत करतोय, स्केल १:१०,०००.

पहिला झटका उंचीचा. ५ मीटरची वाळूची टेकडी या स्केलला अर्धा मिलिमीटर येते, त्यापेक्षा माझा फेव्हिकॉलचा थर जाड! मग फक्त उंची १० पट केली. बहीण तरी म्हणतेच, पापड वाळत घातलाय का.

दुसरा घोळ निव्वळ कंजूषपणाचा. वाळू कृष्णेची वापरली, घाटावरनं आणून चाळून घेतली, फुकट. वाळल्यावर सगळा किनारा काळपट करडा. होणारच की, कृष्णा महाबळेश्वरपासनं इथवर काळ्या बेसॉल्ट खडकावरनंच येते, मालवणकडच्या वाळूत क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटी, जास्त म्हणून ती फिकी. दोन संध्याकाळी खरवडण्यात गेल्या, आता मार्बल पावडर आणि चिमूटभर पिवळी माती.

खाडीची बाजू मात्र झकास जमलीय. समुद्राकडं लाटा तिरक्या येऊन वाळू काठाकाठानं सरकवत नेतात म्हणून ती कड लांब, सरळ, मागं सुरूची झाडं आणि माड. आत पाणी शांत, गाळ बसतो, गाळात कांदळवन, त्यामुळं तो काठ मुद्दाम वेडावाकडा ठेवला. झाडं म्हणजे हिरवा रंगवलेला भुसा, या स्केलला माड करायच्या भानगडीत पडू नका.

खरं अडलंय दक्षिणेच्या टोकाला, जिथं नदी समुद्राला मिळते. वेगवेगळ्या वर्षांचे सॅटेलाइट फोटो उघडले तर दरवेळी टोक वेगळंच, पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात, उघडीप झाली की परत आणून टाकतात, वर नदीच्या पुराचा जोर वेगळाच. मग कुठल्या वर्षाचं करायचं? शेवटी टोक आणि खाडीतलं त्सुनामी बेट चिकटवलंच नाही, सुटी वाळू ठेवलीय. परवा भाच्यानं बोट फिरवून नदीचं तोंडच बुजवलं, मीपण तसंच राहू दिलंय.

आता पाण्यासाठी रेझिन, म्हणजे ओतल्यावर काचेसारखं घट्ट होणारं रसायन, ओतायचंय. एकदम जाड ओतलं की तापतं म्हणून पातळ थरांनी घेणार, पण ते सुट्या वाळूत शिरलं की टोक कायमचं दगड होणार. मधी बांध कशाचा घालावा, कुणी केलंय का असं?