निकालाच्या दिवशीचा फोन

ए-लेव्हलचा, म्हणजे इंग्लंडमधल्या शालेय शिक्षणाच्या शेवटच्या परीक्षेचा, निकाल 2024 साली गुरुवारी, 15 ऑगस्टला लागला. भारताचा स्वातंत्र्यदिन आणि मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण एकाच तारखेला येतात, हे माझ्यासारख्या वसईत वाढलेल्या कॅथलिक माणसाला लहानपणापासून ठाऊक असते. इंग्लंडमधल्या ज्या कॅथलिक शाळेत मी सिक्स्थ फॉर्मचा प्रमुख आहे, तिथेही त्या दिवशी सकाळी लवकर मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, ठेवली होती आणि निकालाच्या भीतीने झोप न लागलेली बरीच मुले तिला येऊन बसली होती.

सिक्स्थ फॉर्म म्हणजे सोळा ते अठरा या वयातली शाळेची शेवटची दोन वर्षे. या दोन वर्षांत मुले बहुधा तीनच विषय सखोल शिकतात. परंतु आमचे खरे काम विषयांपलीकडचे आहे, असे मी मानतो. खालच्या वर्गांत मुलाविषयीची बहुतेक संमती पालक देतात. इथे ती हळूहळू मुलाकडे येते. सामूहिक प्रार्थनेचेच उदाहरण घ्यावे. खालच्या वर्गातल्या मुलाला प्रार्थनेतून वगळण्याची विनंती पालकांनी करायची असते, पण 2006 च्या शिक्षण कायद्याने सिक्स्थ फॉर्मच्या विद्यार्थ्याला तो अधिकार स्वतःचा स्वतः वापरता येतो. ख्रिस्ती शाळेला ही गोष्ट अडचणीची वाटावी अशी आहे, परंतु मला ती आमच्या कामाच्या अगदी गाभ्याची वाटते, कारण उठून जाण्याची मोकळीक असलेले मूल जेव्हा प्रार्थनेला बसते, तेव्हा ते स्वतःच्या मनाने बसलेले असते.

निकाल शाळेला एक दिवस आधी कळतात आणि ते गुरुवार सकाळपर्यंत कोणालाही सांगण्यास सक्त मनाई असते. त्यामुळे ज्यांचा विद्यापीठातला प्रवेश हुकणार आहे, त्यांची यादी बुधवारी संध्याकाळीच माझ्यासमोर होती. त्या यादीत एका गोवेकर कुटुंबातली मुलगी होती. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग खुला असल्यामुळे अनेक गोवेकर कुटुंबे पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमध्ये आली. स्विंडन शहरातली त्यांची वस्ती तर सर्वपरिचित आहे. आमच्या शहरातही अशी घरे आहेत. या मुलीचे वडील एका गोदामात रात्रपाळी करतात. मुलीने फार्मसीला जावे, ही त्यांची अनेक वर्षांची इच्छा होती आणि त्यासाठी तिला रसायनशास्त्रात किमान बी श्रेणी हवी होती. जीवशास्त्रात आणि धर्मशास्त्रात तिला बी मिळाली, रसायनशास्त्रात मात्र सी.

सकाळी साडेआठच्या सुमारास ती वडिलांसह माझ्या खोलीत आली. ते पाळी संपवून थेट आले होते. पहिला प्रश्न फेरतपासणीचा निघाला. प्रवेश अडलेल्या विद्यार्थ्यांसाठी फेरतपासणी तातडीने होते, पण गुण वाढतात तसे ते कमीही होऊ शकतात, म्हणून अर्जापूर्वी विद्यार्थ्याची लेखी संमती घ्यावी लागते. वडील लगेच पेन मागू लागले. संमती तिची लागेल, असे मी सांगितले, आणि तिने श्रेणीची सीमा व आपले गुण यांतले अंतर पाहून शांतपणे नकार दिला. अंतर मोठे होते. तिचा निर्णय योग्यच होता.

मग राहिला क्लिअरिंगचा मार्ग. ज्या अभ्यासक्रमांत जागा शिल्लक असतात, तिथे विद्यार्थ्याने स्वतः विद्यापीठाला फोन करून आपली बाजू मांडायची असते. वडिलांनी माझा हात धरला आणि कोकणीत म्हणाले, “सर, तुमीच फोन करात.” त्यांच्या स्वरातली कळकळ मला आजही आठवते. मी शिक्षक, इंग्रजीत सराईत, शिवाय त्यांच्या दृष्टीने आपल्या बाजूचा माणूस. तेव्हा मी बोललो तर काम होईल, असे त्यांना वाटणे स्वाभाविक होते. परंतु अठरा वर्षांच्या अर्जदाराविषयी विद्यापीठे अर्जदाराशीच बोलतात. त्याने स्वतः नाव नोंदवून दिलेले असेल तरच अन्य कोणाला माहिती देतात. आणि तसा नियम नसता, तरीही तो फोन मी केला नसता. मी त्यांना मराठीत म्हणालो, “दादा, मी तिच्या शेजारी बसून राहीन. बोलायचं मात्र तिनंच.”

यानंतर जे घडले त्याची मला अपेक्षा नव्हती. फार्मसीच्या जागांसाठी फोन करण्याऐवजी तिने डायग्नोस्टिक रेडिओग्राफीचा, म्हणजे रोगनिदानासाठी एक्स-रे आणि स्कॅन काढण्याचा, अभ्यासक्रम पुढे ठेवला. आमच्याकडे सिक्स्थ फॉर्मच्या पहिल्या वर्षापासून दर बुधवारी दुपारी मुले सेवाकार्याला जातात. ती वृद्धाश्रमात जात असे आणि तिथल्या आजी-आजोबांना तपासणीसाठी रुग्णालयात नेताना सोबत करत असे. यंत्राखाली झोपवलेल्या घाबरलेल्या माणसाशी कसे बोलावे, हे तिने तिथे पाहिले होते आणि तेच काम आपल्याला करायचे आहे, हे तिच्या मनात वसंतापासून घोळत होते. घरी सांगण्याचे धैर्य मात्र झाले नव्हते.

वडिलांचा चेहरा उतरला. त्यांना अभ्यासक्रमापेक्षा शिक्षणासाठी घ्याव्या लागणाऱ्या सरकारी कर्जाची धास्ती अधिक होती. तेव्हा वर्षाला 9,250 पौंड शुल्क होते, आणि तेही त्यांनी कधी नाव न ऐकलेल्या शिक्षणासाठी. तेव्हा तिने माझ्या टेबलावरचा कागद ओढला आणि कोकणीत हिशेब मांडला: 2023 पासून प्रवेश घेणाऱ्यांना 25,000 पौंडांवरच्या उत्पन्नाच्या नऊ टक्के परतफेड करावी लागते, 30,000 पगार असेल तर वर्षाला 450, पगार 25,000 च्या खाली गेला तर काहीच नाही, चाळीस वर्षांनी उरलेले कर्ज माफ. शिवाय रेडिओग्राफीला आरोग्यसेवेकडून वर्षाला 5,000 पौंडांचे, परत न करण्याचे अनुदान मिळते. हा हिशेब आम्ही टर्मभर वर्गात करवून घेतो, वेतनपावती वाचायला शिकवतो, भाडेकरार समजावून देतो, आणि मुले त्या तासाला कंटाळतात हेही खरे आहे. तोच हिशेब एक मुलगी आपल्या वडिलांना त्यांच्या भाषेत, आवाज न चढवता समजावताना मी त्या दिवशी पाहिला. सहज मुखोद्गत असल्यासारखी ती बोलत होती, आणि मला तिचा मनापासून अभिमान वाटला.

वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी एकच विचारले, “रात्रपाळी असते?” तिने खरे ते सांगितले की असते. ते उठले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मिस्सा चुकली म्हणून प्रार्थनागृहात जाऊन बसले.

तिचा पहिला फोन दुसऱ्याच वाक्याला अडखळला आणि तिथे जागाही संपल्या होत्या. दुसऱ्या विद्यापीठाने रसायनशास्त्रातली सी चालेल असे सांगून पुढच्याच दिवशी ऑनलाइन मुलाखत ठेवली. मुलाखतीनंतर जागा मिळाली. नवी निवड तिने स्वतः नोंदवली आणि कर्जाच्या अर्जातले विद्यापीठाचे नावही स्वतःच बदलले.

त्यानंतर मी सिक्स्थ फॉर्मच्या कार्यक्रमात एक बदल केला. कर्ज आणि अनुदान यांवरच्या संध्याकाळच्या सभेत पालकांना माहिती आता मी देत नाही. प्रत्येक विद्यार्थी आपल्या पालकांसमोर बसतो आणि घरी जी भाषा बोलली जाते त्या भाषेत, कागदावर आकडे मांडून, ती स्वतः समजावतो. मल्याळी, पोलिश, कोकणी आणि इंग्रजी अशा चार भाषा त्या सभागृहात एकाच वेळी चाललेल्या असतात, आणि शंका उरली तरच पालक माझ्याकडे येतात.