स्वच्छ वर्तुळातल्या कॉलन्या

मिरजेतल्या प्रयोगशाळेत बुरशीच्या तपासण्या करताना ज्या गोष्टीकडे मी अनेक वर्षे दुर्लक्ष केले, तिच्याविषयी आज लिहीत आहे. कॅन्डिडा या संसर्ग करणाऱ्या बुरशीवर फ्लुकोनॅझोल हे औषध चालेल का, हे पाहण्यासाठी मेथिलिन ब्लू या रंगामुळे निळसर दिसणाऱ्या प्लेटवर आम्ही त्या बुरशीचा पातळ थर पसरतो, त्यावर 25 मायक्रोग्रॅम औषध असलेली कागदी डिस्क ठेवतो आणि प्लेट 35 अंशांना इन्क्युबेटरमध्ये ठेवतो. दुसऱ्या दिवशी डिस्कभोवती बुरशी न वाढल्याने उमटलेल्या स्वच्छ वर्तुळाचा व्यास मोजून रिपोर्ट लिहिला जातो.

काही प्लेटवर मात्र त्या वर्तुळाच्या आतही टाचणीच्या टोकाएवढ्या पांढऱ्या कॉलन्या, म्हणजे बुरशीच्या पेशींचे पुंजके, दिसतात. मोजताना त्या सोडून द्यायच्या, असे आम्हाला शिकवलेले असते, आणि सर्वांचे मोजमाप सारखे राहावे म्हणून त्या नियमाला अर्थही आहे. तरीही भोवतालच्या पेशी वाढायच्या थांबल्या असताना या का वाढल्या, हा प्रश्न त्या नियमाने सुटत नाही.

नमुन्यात दोन बुरशींची सरमिसळ झाली असेल, अशी शंका प्रथम येते. परंतु एकाच पेशीपासून वाढवलेल्या शुद्ध बुरशीतही हे घडते. बहुतेक पेशी औषधाला दबतात आणि थोड्या दबत नाहीत. या प्रकाराला हेटरोरेझिस्टन्स म्हणतात. मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या क्रिप्टोकॉकस या बुरशीमध्ये त्याचे कारण फार सुंदर रीतीने उलगडले आहे. फ्लुकोनॅझोलचा मारा सुरू झाला की टिकून राहिलेल्या पेशींत पहिल्या गुणसूत्राची एक जादा प्रत आढळते. औषध ज्या एन्झाइमला अडवते त्याचे जनुक आणि औषध पेशीबाहेर फेकणाऱ्या एका पंपाचे जनुक, ही दोन्ही त्याच गुणसूत्रावर असल्याने दोघांचेही उत्पादन वाढते. औषध काढून घेतले की जादा प्रतीचे ओझे पेशीला परवडत नाही, ती प्रत गळून पडते आणि पुढच्या पिढ्या पुन्हा औषधाला दबू लागतात. म्हणूनच औषधाविना वाढवलेल्या बुरशीची तपासणी ‘सेन्सिटिव्ह’ (औषधाला दबणारी) येऊ शकते, आणि फ्लुकोनॅझोल हे अशा एकपेशीय बुरशीला (यीस्टला) मुख्यतः मारत नसून तिची वाढ रोखणारे औषध असल्यामुळे, रुग्णाच्या शरीरात तगलेल्या थोड्या पेशींची मला अधिक काळजी वाटते.

माझे माहेर तासगावकडचे, द्राक्षबागेचे. द्राक्षावरच्या भुरी या बुरशीजन्य रोगावर फवारली जाणारी ट्रायझोल गटातली बुरशीनाशके त्याच एन्झाइमवर काम करतात, त्यामुळे ‘पहिल्यासारखा रिझल्ट येत नाही’ हे भावाचे वाक्य मला ओळखीचे वाटते. पण दोन्ही गोष्टी एक मानणे चूक ठरेल, कारण भुरीत प्रामुख्याने जनुकातला कायमचा बदल निवडला जातो आणि फवारणी थांबवली तरी तो आपोआप पुसला जात नाही.

हाच फरक ओळखण्यासाठी आता मी वर्तुळातली कॉलनी सुईने उचलून औषध नसलेल्या माध्यमावर काही वेळा वाढवते आणि तपासणी पुन्हा लावते. वर्तुळ पूर्ववत स्वच्छ झाले तर तो बदल परतणारा होता, आणि डिस्कच्या कडेपर्यंत दाट वाढ आली तर तो कायमचा, असे मी धरते. दोन्ही वेळी डॉक्टरांना फोन करून सांगते, कारण रिपोर्टच्या ठरावीक रकान्यात त्यासाठी जागा नाही.