स्पर घडवणाऱ्यांच्या गावांतून

ओक्लाहोमा सिटीहून टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला जाणारा आय-३५ महामार्ग सुमारे ३२० किलोमीटरचा आहे. गुरं हाकत नेण्याची जुनी चिझम वाट याच्या थोडी पश्चिमेला, आजच्या ८१ क्रमांकाच्या रस्त्यालगत होती. तरी आम्ही आय-३५ धरला, कारण टेक्सास घाटाचे (घडणीचे) स्पर रूढ करणाऱ्या जॉन रॉबर्ट मॅकचेस्नीची दोन्ही गावं, पॉल्स व्हॅली आणि गेन्सव्हिल, याच रस्त्यावर लागतात.

स्पर म्हणजे घोडेस्वाराच्या बुटाला मागून बांधायचा पोलादी काटा. घोड्याला ‘टाच देणं’ आपल्याला माहीत आहे. ही टाच लोहारानं घडवलेली, इतकंच. ओक्लाहोमा सिटीच्या नॅशनल काउबॉय अँड वेस्टर्न हेरिटेज म्युझियममध्ये स्पर बघताना आधी चांदीकडे बघा. कॅलिफोर्निया घाटात ती पोलादात कोरलेल्या खाचांत बसवून पृष्ठभागाशी सपाट केलेली असते आणि मागच्या टोकाची दातेरी चकरीही बहुधा मोठी असते. टेक्सास घाटात चांदीचा पत्रा वरून डाक देऊन, म्हणजे वितळवलेल्या धातूने जोडलेला असतो. हे दोन्ही घाट मेक्सिकोतल्या गुराख्यांच्या, म्हणजे वाकेरोंच्या परंपरेतून आले. रोडिओ आणि रँच हे शब्दही स्पॅनिशच.

एकसंध टेक्सास स्पर एकाच पोलादी कांबीचा असतो. कांबीचं एक टोक मधोमध चिरून दोन फाटे करायचे, ते तापवून ठोकत रुंद करायचे आणि बुटाच्या टाचेच्या आकाराला वाकवायचे. ही टाचपट्टी. पुरुषांच्या बुटासाठी आतली रुंदी साधारण सव्वातीन इंच लागते. चीर संपते तिथे कोपरा टोकदार राहिला, तर वाकवताना तडा तिथूनच जातो. म्हणून तिथे आधी गोल भोक पाडलेलं चांगलं. दुसऱ्या टोकाची दांडी होते. तिच्यात खाच पाडून दातेरी चकरी पिनेवर बसवतात.

सगळं कसब या चकरीत आहे. खाच सैल झाली तर चकरी डुगडुगते आणि तिरकी घासते. घट्ट झाली तर फिरत नाही आणि घोड्याची कातडी ओरबाडते. पीन चकरीपेक्षा मऊ ठेवावी, म्हणजे झीज पिनेची होते आणि ती बदलता येते. दात जितके जास्त आणि बोथट, तितका दाब विभागला जातो. अनेक दातांची मोठी चकरी बघून लोक चरकतात, पण घोड्याला खरा त्रास मोजक्या, टोकदार दातांचा.

चांदी चढवताना ज्योत पोलादावर ठेवायची. चांदीचा पत्रा पातळ, तो आधी तापतो आणि कडा वितळून जातात. पोलादावर तेलाचा अंश राहिला तर डाक पसरत नाही, पोकळी राहते आणि पुढे पत्रा तिथूनच उचकटतो.

मॅकचेस्नीचं दुकान १८९० पासून गेन्सव्हिलमध्ये होतं. १९१० मध्ये ते पॉल्स व्हॅलीला हललं. बाईच्या पायाच्या आकाराच्या दांडीच्या स्परचं श्रेय सहसा त्यालाच दिलं जातं.

फोर्ट वर्थच्या स्टॉकयार्ड्समध्ये रोज साडेअकरा आणि चार वाजता लाँगहॉर्न गुरं रस्त्यातून चालवत नेतात. पंधरा मिनिटं आधी पोचा. १८६७ मध्ये कॅन्ससमधलं अ‍ॅबिलीन हे रेल्वेचं ठिकाण गुरांसाठी खुलं झालं, तेव्हा दोन-तीन हजारांचा कळप दहा-बारा माणसं टेक्सासहून चिझम वाटेने तिथे नेत, दिवसाला जेमतेम १६ ते २४ किलोमीटर. या गुरांवरच्या गोचिडांतून इतर गुरांत ताप पसरे, म्हणून १८८५ मध्ये कॅन्ससने त्यांना बंदी केली. पुढे गोचिडांना दाद न देणारी वशिंडाची गुरं अमेरिकेत वाढवली गेली. त्या ब्राह्मन जातीत गीर, कांकरेज, ओंगोल यांच्यासोबत आपल्या कृष्णाकाठची कृष्णा व्हॅलीही आहे.

जुना स्पर विकत घ्यायचा असेल तर चकरी बोटाने फिरवून बघा, मग पिनेचं भोक लांबट झालंय का ते तपासा. पीन नवी मिळते. दांडीतलं झिजलेलं भोक भरून पुन्हा पाडावं लागतं आणि जुनी चांदी त्या उष्णतेत बहुधा सुटते.